नाकावरचे शिंग गेले कोठे?

लंडनच्या दक्षिण भागात क्रिस्टल पॅलेस पार्क नावाची बाग आहे. तेथील तळ्याकाठी गेंड्यासारखे दिसणारे दोन अवाढव्य पुतळे आहेत. एक चारही पायांवर उभा, दुसरा पहुडलेला. दोघांच्याही नाकावर शिंग! हे आहेत इग्वानोडॉन नावाचे डायनोसॉर. वॉटरहाउस हॉकिन्स या शिल्पकाराने घडवलेले हे पुतळे १८५४ पासून तेथे आहेत.

उभा पुतळा बनवणे म्हणजे चार खांबांवर घर बांधण्यासारखेच होते. त्यासाठी लोखंडाचे चार खांब, ६०० विटा आणि ३८ पिंपे सिमेंट लागले. ३१ डिसेंबर १८५३ रोजी त्याच्या साच्यात वीसेक पाहुण्यांना मेजवानीही देण्यात आली!

पण हे शिंग आले कोठून? समजा, तुम्ही सायकल कधी पाहिलेलीच नाही आणि तुम्हाला फक्त चाकाचा तुकडा, साखळी व घंटी सापडली. घंटी नेमकी कोठे बसवाल? गिडिअन मँटेल या इंग्रज डॉक्टरांपुढे असाच प्रश्न होता. त्यांच्याजवळ काही दात व सुटी हाडे होती. दात इग्वाना सरड्यासारखे दिसले, म्हणून १८२५ मध्ये त्यांनी प्राण्याला इग्वानोडॉन हे नाव दिले. पुढे एक टोकदार हाड मिळाले, ते त्यांनी नाकावर बसवले.

उत्तर मिळाले १८७८ मध्ये. बेल्जियममधील बर्निसार येथील कोळशाच्या खाणीत, ३२२ मीटर खोलीवर, इग्वानोडॉनचे सांगाडे सापडले. पुष्कळ सांगाड्यांतील हाडे जागच्या जागी होती. ते टोकदार हाड नाकावर नव्हतेच, ते होते हाताच्या अंगठ्यावर! आणि तेही एक नव्हे, प्रत्येक हाताला एक. शिवाय मागचे पाय पुढच्यांपेक्षा लांब व भक्कम होते. पुतळ्याचा भार लोखंडी खांबांनी पेलला, खऱ्या प्राण्याचा मात्र हाडांनीच. तेव्हा शरीराचा अधिक भार कोणत्या पायांवर होता, हे हाडांची जाडीच सांगते.

मग पुतळ्यांवरचे शिंग काढून टाकावे का? मुळीच नाही. २००७ मध्ये या पुतळ्यांना ऐतिहासिक वास्तूंचा सर्वोच्च दर्जा मिळाला. भेगा वाढल्यामुळे २०२० मध्ये त्यांचे नाव धोक्यातील वारशाच्या यादीतही गेले. हे शिंग म्हणजे विज्ञानाच्या वहीतले खोडलेले, पण जपून ठेवलेले उत्तर आहे. नवा पुरावा मिळताच जुने उत्तर सोडून देणे, यालाच विज्ञान म्हणतात.

आता तुमच्या पुस्तकातील डायनोसॉरचे चित्र काढून पाहा. त्यात हाडांवरून कळलेले किती आणि अंदाजाने रंगवलेले किती, याची यादी कराल का?