नीरोचे फिडल आणि सेनेकाची लेखणी

रोम जळत असताना नीरो फिडल वाजवीत होता, हे वाक्य आपल्याकडे सभांतून आणि अग्रलेखांतून इतके रुळले आहे की, त्याची शहानिशा करावी असे सहसा कुणास वाटत नाही. वस्तुतः फिडल हे वाद्य तेव्हा जन्मालाच आले नव्हते. इ. स. ६४ च्या जुलैत आग भडकली तेव्हा सम्राट समुद्रकाठच्या अँटियम येथे होता. परतल्यावर त्याने बेघरांसाठी आपली उद्याने खुली केली, धान्याचा भाव उतरविला. आगीच्या वेळी त्याने ट्रॉयच्या विनाशाचे गीत गायिल्याची गोष्ट टॅसिटसने केवळ अफवा म्हणून नोंदविली आहे. आणि टॅसिटस काही नीरोचा भाट नव्हे.

याचा अर्थ नीरो निर्दोष होता असा नव्हे. त्याचा खरा अपराध आगीच्या पाच वर्षे आधीच घडून गेला होता, आणि त्यात तो एकटा नव्हता.

इ. स. ५४ मध्ये तो गादीवर आला तो अवघ्या सोळाव्या वर्षी, आई अ‍ॅग्रिपिनाच्या कारस्थानी कर्तबगारीमुळे. मुलाच्या शिक्षणासाठी तिने सेनेका या तत्त्ववेत्त्याला हद्दपारीतून परत आणविले होते. शिष्याचे पहिले राजकीय भाषण गुरूनेच लिहून दिले. देहदंडाच्या हुकमावर सही करण्याची वेळ आली तेव्हा, आपल्याला अक्षरओळखच नसती तर बरे झाले असते, असे हा तरुण हळहळून म्हणाला म्हणे. पण ५५ साली त्याचा सावत्र भाऊ ब्रिटानिकस भोजनाच्या पंक्तीतच गतप्राण झाला. विषप्रयोगाची कुजबूज झाली. त्यानंतर थोड्याच काळात सेनेकाने नीरोला उद्देशून ग्रंथ लिहिला. विषय होता राजाची दयाबुद्धी!

५९ साली नीरोने आईचा काटा काढला. आधी तिला मोडत्या नौकेतून बुडविण्याचा बेत झाला; ती पोहून वाचली, तेव्हा मारेकरी धाडले. सिनेटला खुलाशाचे पत्र गेले. त्यात सारा दोष मृत अ‍ॅग्रिपिनाच्या माथी होता, आणि मजकूर सेनेकाचा होता. सिनेटने काय केले? देवळोदेवळी आभारप्रार्थना करण्याचे ठरविले आणि अ‍ॅग्रिपिनाचा जन्मदिवस अशुभ दिवसांत घातला. थ्रेसिया पीटस हा एक सभासद मात्र काही न बोलता सभागृहाबाहेर निघून गेला. ६६ साली त्याला प्राणाचे मोल द्यावे लागले.

पुढचा उतार वेगाचा. ६२ मध्ये पत्नी ऑक्टेव्हियाचा वध. आगीनंतर ख्रिस्ती लोकांचा अमानुष छळ आणि जळक्या वस्तीच्या जागेवर सुवर्णप्रासाद. ६५ मध्ये कट उघडकीस आला तेव्हा सेनेकालाच मरणाचा आदेश. गुरूने आपल्या शिरा कापून घेतल्या.

६८ साली गॉलमध्ये व्हिंडेक्सने बंड केले, स्पेनमध्ये गाल्बा उठला. रोममधील अंगरक्षक दल पैशाच्या आश्वासनावर फितले. मग त्याच सिनेटने धीर करून नीरोला राष्ट्रशत्रू ठरविले. नगराबाहेर एका मुक्त दासाच्या घरी लपलेल्या, तीस वर्षांच्या सम्राटाने आपल्या चिटणिसाच्या मदतीने गळ्यात खंजीर खुपसून घेतला. सिनेटचा जल्लोष मोठा होता. त्याच्या थडग्यावर मात्र पुढे कित्येक वर्षे कुणी ना कुणी फुले वाहून जात असे.