जुनी केस आहे म्हणून पगार कमी? कायदा काय सांगतो

तुरुंगातून सुटलेला तरुण गोदामात कामाला लागतो. इतरांपेक्षा पगार कमी, पाळी मात्र बारा तासांची. जाब विचारला की ठेकेदार म्हणतो, ‘तुझ्यावर केस आहे. बाहेर कोण ठेवणार तुला?’ ही धमकी चालते, कारण दुसरीकडे गेलं तरी पोलिसांची चारित्र्य पडताळणी आडवी येते.

केस म्हणजे शिक्षा का?
नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ अखेर देशातील ५,७३,२२० कैद्यांपैकी ४,३४,३०२, म्हणजे जवळपास ७६ टक्के कच्चे कैदी होते. त्यांच्यावरील आरोप न्यायालयात सिद्ध झालेले नव्हते. नोकरी देताना हा फरक अनेकदा पाहिलाच जात नाही.

नोकरी नाकारता येते का?
खासगी मालकाला असा नकार देण्यापासून रोखणारा सर्वसाधारण कायदा आपल्याकडे नाही. बाल न्याय कायद्याखाली प्रकरण निकाली निघालेल्यांना मात्र त्या कारणावरून अपात्र ठरवता येत नाही. सोळा वर्षांवरील, प्रौढ म्हणून खटला चालून दोषी ठरलेली मुलं याला अपवाद आहेत.

पगार कापता येतो का?
नाही. किमान वेतन कामावर ठरतं, कामगाराच्या भूतकाळावर नाही. किमान वेतनापेक्षा कमी पैशांत काम करून घेणं हे राज्यघटनेच्या कलम २३ नुसार सक्तीचे श्रम आहेत, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या प्रकरणात स्पष्ट केलं. सश्रम कारावास भोगणाऱ्या कैद्यालाही कामाचा न्याय्य मोबदला हवा, असं याच न्यायालयाने १९९८ मध्ये सांगितलं. मग शिक्षा भोगून बाहेर आलेल्याचा हक्क त्याहून कमी कसा?

मग करायचं काय?
• हजेरीचे फोटो, खात्यात पगार जमा झाल्याचे मेसेज, ठेकेदाराचे व्हॉट्सअॅप संदेश जपून ठेवा.
• थकलेल्या किंवा कमी मिळालेल्या पगारासाठी कामगार आयुक्त कार्यालयात दाद मागा.
• वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. हेल्पलाइन क्रमांक १५१००.
• इच्छेविरुद्ध, बेकायदा सक्तीने राबवून घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १४६ खाली गुन्हा आहे. त्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

आणि अर्जात केसबद्दल विचारलं असेल तर खरं लिहा. लपवलेली गोष्टच पुढे मालकाच्या हातातली दोरी होते.