दीक्षित पाळकाविना उपासना

लखनौच्या अमीनाबाद बाजारपेठेत १८ एप्रिल १८७० रोजी इझाबेला थोबर्न या अमेरिकन मेथॉडिस्ट मिशनरी बाईंनी सहा मुलींना घेऊन एक शाळा सुरू केली. पाळकपदाची दीक्षा त्यांना मिळालेली नव्हती. त्यांच्या पंथात त्या काळी ती स्त्रियांना दिलीच जात नसे. तरीही धर्मकार्य त्यांना वर्ज्य नव्हते. याचे मूळ त्या पंथाच्या एका जुन्या व्यवस्थेत आहे.

१७४२ साली इंग्लंडमधील ब्रिस्टल येथे जॉन वेस्ली यांच्या अनुयायांचे सुमारे बारा-बारा जणांचे 'वर्ग' पाडण्यात आले. वर्गाचा प्रमुख सामान्य गृहस्थ असे. कधी हे काम एखाद्या स्त्रीकडेही येई. प्रार्थना, आत्मपरीक्षण आणि उपदेश यांसाठी दीक्षेची अट नव्हती. मात्र बाप्तिस्मा व प्रभुभोजन हे विधी दीक्षिताच्याच हातून व्हावेत, याविषयी वेस्ली आग्रही होते. अमेरिकेत असे पाळक मिळेनात, तेव्हा १७८४ साली त्यांनी स्वतःच काहींना दीक्षा दिली. पण नियम सैल केला नाही.

हीच रीत भारतात आली. इझाबेला यांचे बंधू जेम्स थोबर्न यांच्या निमंत्रणावरून विल्यम टेलर हे धर्मोपदेशक १८७० च्या अखेरीस लखनौस आले आणि पुढील वर्षी मुंबईस गेले. तेथे त्यांनी घरोघरी लहान लहान मंडळ्या स्थापन केल्या व त्यांचे प्रमुख सभासदांतूनच नेमले.

इतर काही पंथ याच्याही पुढे गेले. ब्रदरन पंथात दीक्षित पाळकच नसतो; प्रभुभोजनाची भाकर सभासदच मोडतात. या पंथाचे अँथनी नॉरिस ग्रोव्ह्ज १८३३ साली भारतात आले. क्वेकर पंथाने तर बाह्य विधीच सोडून दिले. होशंगाबाद भागात काम करणाऱ्या या पंथाची पारंपरिक उपासना म्हणजे मौन. अंतःप्रेरणा होईल त्याने बोलावे.

अशा रीतीने उपदेशाचा अधिकार आणि विधीचा अधिकार या दोन निराळ्या गोष्टी ठरतात. पहिला सर्वांना मिळाला, तरी दुसरा राखून ठेवला असेल, तर मंडळीला प्रभुभोजनासाठी पाळकाची वाट पाहावी लागते. इझाबेला थोबर्न १९०१ साली लखनौतच निवर्तल्या. अमेरिकेतील मेथॉडिस्ट चर्चने स्त्रियांना पाळकपदाचे पूर्ण अधिकार दिले, ते १९५६ साली.