वृद्ध मांजराची शुश्रूषा

श्रोत्यांपैकीं पुष्कळांच्या घरीं मांजर असेल. मांजराचे पूर्वज वाळवंटी प्रदेशांतले. थोड्या पाण्यावर भागवून दाट मूत्र विसर्जन करण्याची शक्ति त्याच्या मूत्रपिंडांत असते. उतारवयांत पुष्कळदां हीच शक्ति ढळते. मांजर वारंवार पाणी पितें, लघवी वाढते, वजन घटतें. 'आतां वय झालें' म्हणून घरचीं माणसें तिकडे दुर्लक्ष करतात; परंतु हीं चिन्हें दिसूं लागेपर्यंत मूत्रपिंडांचें सुमारें दोन-तृतीयांश कार्य बंद पडलेलें असतें. गेलेली शक्ति परत येत नाहीं. उरलेली मात्र जपतां येते.

यास्तव मांजरास ७ वर्षें झालीं कीं दरवर्षीं पशुवैद्याकडून त्याचें रक्त व मूत्र तपासून घ्यावें आणि दरमहा वजन टिपून ठेवावें. दुखणें ठरल्यावर अन्न ओलसर व वैद्याच्या सल्ल्यानें कमी फॉस्फरसचें द्यावें. लघवी फार होते म्हणून पाण्याचें भांडें उचलून ठेवणें हा घातच होय. उलट भांडीं दोन-तीन ठिकाणीं ठेवावीं.

मांजरानें दिवसभर अन्न सोडल्यास वाट पाहूं नये. उपवासानें त्याच्या यकृतांत चरबी सांचते. घरांतील पॅरासिटामॉल तर कदापि देऊं नये. माणसाचें यकृत तें निरुपद्रवी करून टाकतें. मांजराच्या यकृतास तें साधत नाहीं, आणि एका गोळीनेंही त्याचा प्राण जाऊं शकतो.