ताप उतरला, पण लेकराचं रक्त भरलं का? मलेरियानंतर हिमोग्लोबिन तपासून घ्या

परभणी : पावसाळ्यात गावोगाव तापाचे पेशंट वाढतात. गोळ्या दिल्या, लेकराचा ताप उतरला की घरचे निर्धास्त होतात. पण पुढे कित्येक दिवस लेकरू खेळत नाही, जेवत नाही, तोंड पांढरंफटक दिसतं. तो ताप मलेरियाचा म्हणजेच हिवतापाचा असेल, तर अंगातलं रक्त कमी झालेलं असू शकतं.

रक्त कमी कसं होतं?

डास चावल्यावर मलेरियाचे जंतू आधी लिव्हरमध्ये वाढतात, मग रक्तातल्या लाल पेशींत शिरतात. साधारण ४८ तासांत ते पेशी फोडून बाहेर पडतात. थंडी वाजून ताप भरतो तो तेव्हाच. एरवी सुमारे १२० दिवस जगणारी पेशी अशी मधेच मरते. जंतू नसलेल्या कितीतरी चांगल्या पेशीही यात नष्ट होतात. त्यातच हाडांमध्ये नवीन रक्त तयार होण्याचं काम मंदावतं, जेवणातलं लोहही अंगी लागत नाही. खर्च वाढला आणि आवक थांबली, अशी गत होते.

लेकरांनाच धोका जास्त का?

कारण मुळातच रक्त कमी असतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात राज्यातल्या ६ ते ५९ महिन्यांच्या १०० पैकी जवळपास ६९ मुलांचं हिमोग्लोबिन ११ पेक्षा कमी निघालं. याला अपुरा आहार, पोटातले जंत अशी बरीच कारणं आहेत. त्यावर मलेरिया झाला की हिमोग्लोबिन आणखी खाली जातं.

मुंबईत आणि गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात मलेरिया जास्त आहे. कामासाठी तिकडं जाऊन आलेल्या कुटुंबांनी ताप अंगावर काढू नये. ‘व्हायवॅक्स’ मलेरियाचे जंतू लिव्हरमध्ये लपून राहतात आणि काही महिन्यांनी पुन्हा ताप आणतात. दर खेपेला रक्त घटतं.

काय करायचं?

- ताप आला की आशाताईंकडे किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्त तपासा. तपासणी आणि औषध मोफत आहे.
- ताप उतरला म्हणून गोळ्या मधेच सोडू नका. व्हायवॅक्ससाठी प्रायमाक्विनचा कोर्स १४ दिवसांचा असतो. तो डॉक्टरांच्या सल्ल्यानेच द्या. लघवी काळपट झाली तर गोळी थांबवून लगेच दवाखाना गाठा.
- बरं वाटल्यावर हिमोग्लोबिन तपासून घ्या. लोहाचं औषध ताप असताना देऊ नका, नंतर विचारून सुरू करा.
- मेथी, शेवग्याचा पाला, हरभरा, बाजरी, अंडी खाऊ घाला. वर लिंबू पिळा. जेवणासोबत चहा नको.
- मलेरियाचा डास संध्याकाळपासून पहाटेपर्यंत चावतो. लेकराला मच्छरदाणीत झोपवा. रांजण, टाक्या आठवड्यातून एकदा कोरड्या करा.

लेकरू सुस्त पडलं, धाप लागली, झटका आला किंवा तळहात पांढरे पडले, तर घरी थांबू नका. १०८ ला फोन करा आणि थेट सरकारी दवाखान्यात न्या.