वाताची गोळी आणि डोळ्याचा पडदा

कोल्हापुरात सीपीआर या सरकारी रुग्णालयात दाखवा की खासगी दवाखान्यात, आमवाताच्या रुग्णाच्या चिठ्ठीवर हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन हे नाव बऱ्याचदा असतं. मूळचं हे मलेरियाचं औषध. आमवातात आणि ल्युपसमध्ये ते वर्षानुवर्षं घेतलं जातं. सांधे हलते ठेवणारं हे चांगलं औषध आहे, आणि म्हणूनच त्याच्यासोबत डोळ्यांची तपासणी चुकवू नये.

हे औषध डोळ्याच्या पडद्यामागच्या रंगद्रव्याला, म्हणजे मेलॅनिनला, चिकटून राहतं. दीर्घकाळ आणि जास्त डोसमध्ये घेतलं तर पडद्याच्या मध्यबिंदूभोवती कड्यासारख्या भागातल्या पेशी मरू लागतात. मध्यबिंदू मात्र बरेच दिवस शाबूत असतो. त्यामुळे तक्त्यावरची शेवटची ओळही वाचता येते आणि रुग्ण म्हणतो, ‘मला दिसतंय की सगळं!’ वाचताना अक्षरं गळायला लागेपर्यंत बरंच नुकसान झालेलं असतं. ते भरून येत नाही. गोळी बंद केल्यावरही औषध शरीरातून सावकाश उतरतं, म्हणून काही काळ नुकसान वाढतही राहू शकतं.

घाबरून जाण्याचं मात्र कारण नाही. डोस वजनाप्रमाणे, दर किलोला दिवसाला ५ मिलिग्रॅमच्या आत असेल, तर पहिल्या ५ वर्षांत धोका एक टक्क्याहून कमी, १० वर्षांपर्यंत दोन टक्क्यांहून कमी. २० वर्षांनंतर मात्र तो २० टक्क्यांच्या जवळ जातो.

हिशेब घरीही करता येतो. ६० किलोंच्या माणसाला दिवसाला ३०० मिलिग्रॅम ही वरची मर्यादा. समजा, गगनबावड्याच्या एखाद्या बाईंचं वजन ४० किलो आहे. त्यांना २०० ची एकच गोळी पुरे. त्या ४०० घेत असतील तर डोस मर्यादेच्या दुप्पट झाला. आजारपणात वजन उतरतं आणि जुन्या चिठ्ठीवर मेडिकलमधून तीच गोळी येत राहते. मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती याच ठिकाणी. मूत्रपिंडाचा आजार असेल, स्तनाच्या कर्करोगासाठी टॅमॉक्सिफेन चालू असेल किंवा पडद्याचा आधीचा विकार असेल, तर धोका आणखी वाढतो.

म्हणून औषध सुरू झाल्यापासून वर्षाच्या आत एकदा पडदा तपासून घ्यायचा आणि ५ वर्षांनंतर दरवर्षी. वरच्यापैकी काही लागू असेल तर ५ वर्षं थांबायचं नाही. नुसता चष्म्याचा नंबर काढणं म्हणजे ही तपासणी नव्हे. ओसीटी यंत्रावर हनुवटी टेकवायची. प्रकाशाच्या साहाय्यानं पडद्याचे थर उमटतात, सुई नाही की दुखणं नाही. फील्ड टेस्टमध्ये एक डोळा झाकतात, समोर बारीक दिवे लुकलुकतात, दिसला की बटण दाबायचं. ती कंटाळवाणी आहे आणि दमलेल्या माणसाची चुकते. चुकली तर पुन्हा करावी. आशियाई वंशाच्या रुग्णांत नुकसान मध्यापासून जरा दूर सुरू झाल्याचं जास्त आढळलं आहे, म्हणून फील्ड फक्त मधल्या भागाची न करता रुंदही करायला सांगा. बाहुली मोठी करणारे थेंब घातले तर काही तास जवळचं धूसर दिसतं. सोबत कोणी तरी न्यावं, स्वतः दुचाकी चालवत परतू नये.

स्टेरॉइडच्या गोळ्याही चालू असतील तर मोतीबिंदू आणि डोळ्याचा दाब यांचीही तपासणी हवी. खुद्द आमवातानंही डोळे कोरडे पडतात. डोळा लाल होऊन आतून ठणकत असेल तर वार्षिक तारखेची वाट पाहू नका.

तपासणीत शंका आली तरी गोळी परस्पर बंद करू नका. सांधे पुन्हा सुजतील. नेत्रतज्ज्ञ आणि वाताचे डॉक्टर यांनी मिळून तो निर्णय घ्यायचा असतो. आज एवढंच करा: गोळी कुठल्या साली सुरू झाली, रोज किती मिलिग्रॅम आणि आजचं वजन किती, हे एका कागदावर लिहा आणि तो घेऊन नेत्रतज्ज्ञांकडे जा.