हायड्रोजनची ज्योत : आकडेमोडीचं अर्धशतक

१९७२ साली स्टीव्हन ऑर्झॅग आणि जी. एस. पॅटरसन यांनी प्रक्षुब्ध प्रवाहाची समीकरणं, लहानातला लहान भोवराही न गाळता, संगणकावर सोडवून दाखवली. त्यांच्या जाळीच्या प्रत्येक बाजूला ३२ बिंदू होते, आणि प्रवाहात आग नव्हती. आग आली की हिशेब कैक पटींनी फुगतो. वेगाबरोबर तापमान आणि एकेका रासायनिक घटकाचं प्रमाणही बिंदूबिंदूवर, क्षणोक्षणी काढावं लागतं.

इथे हायड्रोजन कामी आला. मिथेनच्या ज्वलनाच्या सर्वपरिचित आराखड्यात ५३ घटक आणि ३२५ अभिक्रिया आहेत. हायड्रोजनचं नऊ घटकांत आणि विसेक अभिक्रियांत भागतं. १९९४ मध्ये बाउम, प्वांसो आणि सहकाऱ्यांनी सविस्तर रसायनासह ही ज्योत द्विमितीत मांडली. २००० च्या सुमारास जपानी संशोधकांनी तिला तिसरी मिती दिली. २००९ मध्ये अमेरिकेत जॅकलिन चेन आणि सहकाऱ्यांनी तापलेल्या हवेत, नळीच्या तोंडापासून अधांतरी जळणारी ज्योत जवळपास शंभर कोटी बिंदूंवर उभी केली. ती उडून का जात नाही, हेही त्यातून उलगडलं : तिच्या बुडाशी कमी इंधनाचं गरम मिश्रण आपोआप पेट घेत होतं.

पण रसायन सोपं म्हणून ज्योत सोपी ठरली नाही. हायड्रोजनचा रेणू इतका हलका, की तो उष्णतेच्या सुमारे तिप्पट वेगाने पसरतो. हवा जास्त आणि इंधन कमी असलं, की ज्योतीच्या पुढे फुगलेल्या भागाकडे इंधन धावतं आणि तो आणखी जोरात जळतो. खोलगट भाग मंदावतो. बेर्गर, अत्तिली आणि पिट्श यांच्या २०२२ च्या सिम्युलेशनमध्ये ही अस्थिरता आणि प्रवाहाची खळबळ एकमेकींना बळ देताना दिसली.

या अर्धशतकाची खरी कमाई मला इथे दिसते : व्यवहारातली ढोबळ प्रतिमानं कुठे चुकतात, हे त्यातून कळतं. अख्ख्या टर्बाइनचा ज्वलनकक्ष इतक्या बारकाईने सोडवणं आजही आवाक्याबाहेर आहे. अभियंते ढोबळ प्रतिमानांवरच आराखडे करतात. त्यातली बरीच प्रतिमानं उष्णता आणि इंधन सारख्याच वेगाने पसरतात असं धरून चालतात. मिथेनला ते चालून जातं. हायड्रोजनला तेच लावलं, तर ज्योतीचा वेग कमी मोजला जातो, आणि ती बर्नरमध्ये मागे शिरण्याचा धोका नजरेआड होतो. म्हणून महासंगणकांवर होतो तितकाच खर्च आणि कष्ट ही प्रतिमानं सुधारण्यावर व्हायला हवेत.